११ फुटी हॉल, कपाटाएवढे स्पीकर आणि पाच माणसं

निषाद | ३ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय.

आमचे एक जुने स्नेही पुणं सोडून मुलीकडे कायमचे चाललेत. त्यांची क्लिप्श कंपनीच्या कॉर्नवॉल स्पीकरची जोडी (चौथी आवृत्ती) ते मला देऊ करताहेत. किंमत लिहीत नाही, घरचेही इथे वाचतात. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: एकेक खोकं ३८ इंच उंच, २५ इंच रुंद, साडेपंधरा इंच खोल, वजन ४५ किलोच्या आसपास. आत १५ इंची वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा कोन. आजोळी धान्याची कोठी असायची तेवढं एक, अशी दोन.

हॉल १८ बाय ११, उंची साडेनऊ फूट. ११ फुटांच्या एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या बाजूला जेवणाचं टेबल आणि पुढे स्वयंपाकघर. त्यामुळे स्पीकर १८ फुटी भिंतीलाच, टीव्हीच्या दोन बाजूंना. सोफा समोरच्या भिंतीला टेकून. कान ते स्पीकर अंतर जेमतेम साडेसात फूट. खाली चकचकीत टाइल्स, एका काचेच्या दारावर पातळ पडदा.

घरात दोन ज्येष्ठ (बातम्या, मालिका, एकाच्या कानाला यंत्र), चार वर्षांची मुलगी (सगळीकडे हात) आणि आम्ही दोघं. घरच्यांचं एकमुखी म्हणणं: "हॉल आहे की मांडव?" शिवाय बाल्कनीजवळच्या कोपऱ्यात आमचा गणपती बसतो.

मी हे स्पीकर त्या स्नेह्यांकडे वर्षानुवर्षं ऐकलेत. तिथे खोली याच्या दुप्पट होती. आमच्याकडे जमतील का? की हा निव्वळ हव्यास आहे?

काडीपेटी | ३ जून, रात्री ११:३१

जमतील. सोफा बाल्कनीत टाका.

खर्जाचा_राजा | ३ जून, रात्री ११:४०

वॅट-बिट सगळं नंतर. वहिनींना विचारलंत का?

तंबोरा | ४ जून, सकाळी ७:०५

स्पष्ट सांगतो, नाही जमणार. साडेसात फुटांवर एवढा स्पीकर म्हणजे पहिल्या रांगेत बसून सिनेमा बघणं. वूफर, मधला भोंगा, वरचा भोंगा हे तिघं एकमेकांपासून लांब बसवलेले असतात. त्यांचा आवाज एकजीव व्हायला थोडी वाट चालावी लागते. जवळ बसलात तर गवयाची छाती एकीकडे आणि ओठ दुसरीकडे.

छोटे घ्या, चांगले घ्या. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस ३/५ए बनवला तो ध्वनिमुद्रणाच्या गाडीत मावावा म्हणून. जेमतेम फूटभर उंच. माणसाच्या आवाजासाठी आजही लोक तो शोधत फिरतात. माझ्याकडे त्याच जातीची जोडी आहे, १२ बाय १० च्या खोलीत, आणि मला कोठीची आठवण येत नाही.

मिस्त्री | ४ जून, सकाळी ९:५०

तंबोरा, अंतराचा मुद्दा मान्य. पण खरी भानगड खाली आहे, खर्जात.

मापं मीटरमध्ये घ्या: ५.५, ३.३५, २.९. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. ३४३ ला लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दोन भिंतींमध्ये कुठला सूर अडकून घुमतो ते कळतं. लांबीचा ३१ हर्ट्झ, रुंदीचा ५१, उंचीचा ५९. लांबीचाच दुसरा ६२. म्हणजे ५९ आणि ६२ मांडीला मांडी लावून बसलेत. बेस गिटारवर ६२ च्या आसपासचा सूर वाजला की हॉल गुरगुरेल, शेजारचे सूर बिचारे गप्प. त्यात स्पीकर एका भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला म्हणजे ५१ चाही सगळा भार तुमच्याच टाळक्यावर. भिंतीपाशी हे सूर सगळ्यात जास्त साठतात.

पण हे छोट्या स्पीकरलाही चुकत नाही. तो ५० च्या खाली फारसं काही वाजवतच नाही म्हणून ३१ वाला कळत नाही, इतकंच. आजारी माणसाला बोलूच दिलं नाही की तो तक्रार करत नाही, तसं.

उपाय आहेत. सोफा भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे. दोन इंची रॉकवूल (दगडाची लोकर, ४८ घनतेची मिळते) लाकडी चौकटीत, वर कापड, भिंतीवर. माझा सुतार त्यांना "गाद्या" म्हणतो. काचेवर जाड, दुप्पट चुण्यांचा पडदा. गाद्या खर्जाला फारशा पुरत नाहीत हे आधीच सांगतो, त्या वरच्या झणझणाटासाठी. खर्जासाठी माइक आणि आरईडब्ल्यू (फुकट सॉफ्टवेअर) घेऊन मोजा, आणि वर आलेला उंचवटा डीएसपीने (आवाजाची डिजिटल काटछाट करणारं यंत्र) कापा. खड्डे मात्र भरायला जाऊ नका, अॅम्प्लिफायर धापा टाकतो आणि खड्डा तसाच राहतो.

शशी_न्यूजर्सी | ४ जून, रात्री ८:१५

इकडे याला डब्ल्यूएएफ म्हणतात, वाइफ अॅक्सेप्टन्स फॅक्टर. १९८३ साली स्टिरिओफाइल मासिकात क्वाड ईएसएल-६३ या स्पीकरच्या परीक्षणात हा शब्द आला आणि तेव्हापासून नवरे मंडळी त्यामागे लपताहेत.

माझा किस्सा. मोठे स्पीकर घेतले, हॉलमध्ये वाद झाला, म्हणून बेसमेंट सजवलं. कार्पेट, एक खुर्ची, एक दिवा. खोली स्पीकरच्या मापाची, आवाज अप्रतिम. आठवड्यातून तीनदा जायचो, मग एकदा, मग फक्त फ्यूज बघायला. वर सगळे हसताहेत, कुकर होतोय, आणि मी खाली एकटा भूप ऐकतोय. शेवटी दोन मित्र बोलावून स्पीकर वर आणले. आता ते चुकीच्या जागी आहेत, एकापुढे कुंडी आहे, आणि रोज वाजतात.

तेव्हा निषादराव, वहिनींना समजवा, पण स्पीकर बेडरूममध्ये किंवा गच्चीवर नेऊ नका.

खर्जाचा_राजा | ४ जून, रात्री ९:०२

+१. वहिनींना आधी पैठणी, मग स्पीकर. हा क्रम चुकवू नये.

मृण्मयी_ठाणे | ४ जून, रात्री ९:४४

पहिली पोस्ट पुन्हा वाचा जरा. त्यात एकही "करतो" नाही, "गेलो" नाही, "बघत होतो" नाही. सगळं "ऐकलेत" आणि "देऊ करताहेत". तुम्ही सगळ्यांनी मिळून वहिनी कुठून काढल्यात?

निषाद | ४ जून, रात्री १०:१०

:) मृण्मयी, धन्यवाद. मुद्दाम नव्हतं केलं, पण तीन प्रतिसादांनंतर मजा यायला लागली म्हणून गप्प बसले.

मांडव म्हणणारे माझे यजमान. कानाला यंत्र सासऱ्यांच्या. पैठणी दोन आहेत, आणखी नकोत.

काडीपेटी | ४ जून, रात्री १०:१३

मी सोफा म्हणालो होतो. मी निर्दोष.

खर्जाचा_राजा | ४ जून, रात्री १०:२१

शब्द मागे घेतो. भाओजींना आधी शर्टपीस, मग स्पीकर.

तंबोरा | ५ जून, सकाळी ६:५०

निषादताई, सल्ला तोच. भौतिकशास्त्राला नवरा-बायको कळत नाही.

पोटमाळा | ५ जून, दुपारी १:३०

शेजाऱ्यांचं काय? आमच्या वरच्या मजल्यावर एक असेच दर्दी आहेत. त्यांचं गाणं मला ऐकू येत नाही, फक्त धप्, धप् येतं. मी एकदा वर जाऊन बघितलं तर ते अगदी हळू आवाजात ऐकत होते. रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागात ४५ डेसिबल, दिवसा ५५, असं ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये लिहिलंय. पण ती धप् कुठल्या फोनवरच्या मीटरमध्ये येते?

मिस्त्री | ५ जून, दुपारी २:१०

येत नाही, कारण बहुतेक मीटर ए-वेटिंगने मोजतात आणि त्यात खर्ज मोठ्या प्रमाणात वजा होतो. तुमच्या कानाला, स्लॅबला आणि पलंगाला तो होत नाही. वरच्यांना सांगा की टोकदार खिळ्याचे पाय काढून खाली जाड रबर घाला. खिळा आवाज अडवत नाही, उलट खोक्याला फरशीशी घट्ट बांधतो. रबरानेही सगळं थांबेल असं नाही, हवेतून जायचं ते जातंच.

म्हापशेकार | ५ जून, रात्री ९:३०

आमचं घर जुनं, कौलारू, साल म्हणजे हॉल २४ फूट, वर छप्पर उंच, आणि बाल्कांवाकडची, म्हणजे पुढच्या व्हरांड्याकडची, सगळी दारं उघडी. खर्ज अडकायला भिंतच नाही, निघून जातो थेट माडांत. तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक खोलीशी भांडता, आम्ही हवेशी.

वडिलांनी ऐंशीच्या दशकात आणलेले मोठे स्पीकर होते. कोनाच्या कडेला फोमची झालर असते ना, ती आमच्या दमटपणात कुजली. बोट लावलं की काळा भुगा. रबराची झालर असती तर टिकली असती. एका दुरुस्तीवाल्याने नवी झालर लावून दिली ती वाकडी, कोन घासायला लागला. शेवटी दुसऱ्याकडून परत करून घेतली. मागून बघतो तर खोक्याच्या बुडाला वाळवी. जुनं घेताना ताई, पुढचं सगळे बघतात, तुम्ही पाठ आणि तळ बघा.

तंबोरा | ६ जून, सकाळी ७:२०

आणखी एक. कंपनीच्या पत्रकात या कॉर्नवॉलला १०२ डेसिबल आहेत, एका वॅटला, एका मीटरवर. साडेसात फुटांवर निवांत ऐकायला ७५ पुरतात, म्हणजे एका वॅटचा शंभरावा भाग. तुमच्या १०० वॅटच्या अॅम्प्लिफायरची मूठ सात वाजून पाच मिनिटांवर असेल आणि सव्वासातला शेजारी दारात. एवढी ताकद हॉलमध्ये आणून करायचं काय?

मिस्त्री | ६ जून, सकाळी १०:००

त्यालाच सुख म्हणतात. आठ वॅटचा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर लावा, आयुष्यभर पुरेल. फक्त मागची हिस्स् ऐकू येते का ते आधी घरी लावून बघा. स्पीकर इतका तिखट असला की अॅम्प्लिफायरची कुजबुजही ऐकवतो.

खर्जाचा_राजा | ६ जून, सकाळी ११:१५

आणि मोठा स्पीकर हळू आवाजातही भरलेला वाटतो. छोटा हळू केला की पातळ ताक.

तंबोरा | ६ जून, सकाळी ११:४०

हा कानाचा गुण आहे, स्पीकरचा नाही. आवाज कमी केला की कानाला खर्ज जास्त कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच आलेख काढून दाखवलंय. जुन्या अॅम्प्लिफायरवर "लाउडनेस" बटण त्याच्यासाठीच असायचं.

खर्जाचा_राजा | ६ जून, सकाळी ११:५२

बरोबर, आणि ज्याच्याकडे खर्ज मुळातच जास्त आहे त्याच्याकडे कमी होऊनही थोडा उरतो. ताकाचं उदाहरण मी मागे घेत नाही.

मृण्मयी_ठाणे | ६ जून, रात्री १०:३०

आता माझे चार पैसे. जरा लांबतील.

तुम्ही सगळे एका खुर्चीचा हिशोब करताय. दोन स्पीकर, मध्ये एक माणूस, त्रिकोण, डोळे मिटलेले. निषादच्या सोफ्यावर चौघं बसतात. टोकाला बसलेल्या सासऱ्यांना जवळचाच स्पीकर ऐकू येतो, आणि बातम्या देणारी बाई टीव्हीतून उठून त्यांच्या मांडीवर येऊन बसते. घरच्यांचा विरोध लोक आकाराला समजतात. निम्मा विरोध असा असतो की ती वस्तू एकाच माणसासाठी वाजते आणि बाकीच्यांना नुसती नडते.

भोंग्याच्या स्पीकरला एक गोष्ट छान जमते. त्यांना भरपूर आत वळवा, इतकं की त्यांच्या नाकासमोरच्या रेषा सोफ्याच्या फूटभर अलीकडे एकमेकींना कापतील. मग डाव्या टोकाला बसलेल्यावर उजवा स्पीकर रोखलेला असतो आणि जवळचा डावा त्याच्या बाजूने निघून जातो. जवळचा हळू, लांबचा मोठा, फिटंफाट. गायक पुन्हा बराचसा मधोमध. भोंगा आवाज ठरावीक कोनातच फेकतो म्हणून हे होतं, साध्या घुमटाच्या ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) इतकं होत नाही.

कंपनी काढणाऱ्या पॉल क्लिप्शच्या डोक्यात कोपरे होतेच. १९४६ साली अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या होप गावात त्याने धंदा सुरू केला तो क्लिप्शहॉर्न या स्पीकरवर, आणि त्यात खोलीच्या भिंतीच खर्जाच्या भोंग्याचं पुढचं तोंड होतात. कोपरा नाही तर तो स्पीकर अर्धाच. १९५९ चा कॉर्नवॉल आला तो दोन क्लिप्शहॉर्नच्या मध्ये ठेवायला, आणि नावातच आहे: कोपऱ्यात किंवा भिंतीला, कॉर्नर ऑर वॉल. भिंतीपासून मीटरभर पुढे ओढायची गरज नाही. तसा ओढला तर उलट मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो.

हॉलमध्ये नडणारे मोठे स्पीकर म्हणजे पातळ पडद्याचे, मॅग्नेपॅन किंवा क्वाडसारखे. ते पुढे जितकं गातात तितकंच मागे गातात, त्यांना पाठीमागे जागा लागते. म्हणजे ते खोलीच्या मध्यातच येऊन उभे राहतात. त्या मानाने तुमची कोठी मनमिळाऊ आहे.

आणि विकत घ्यायच्या आधी: फ्रिजचे पुठ्ठे आणा, ३८ बाय २५ बाय साडेपंधराची दोन खोकी चिकटवा, तिरपी ठेवा, आणि आठवडाभर घरात राहू द्या. तिरपं ठेवल्यावर साडेपंधरा इंचाचे २९ इंच होतात, हे कागदावर कोणाला दिसत नाही.

तंबोरा | ७ जून, सकाळी ७:००

तुमच्या त्या वळवण्यात मधल्या माणसाला ऐकू येणारी आवाजाची खोली जाते. वाद्यं मागेपुढे बसलेली दिसायची ती एका रेषेत येतात.

मृण्मयी_ठाणे | ७ जून, सकाळी ८:३०

थोडी जाते. मधला माणूस देईल.

काडीपेटी | ७ जून, सकाळी ८:४१

विषयांतर: १९६३ चा क्लिप्श ला स्काला हा स्पीकर विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारासाठी केला होता. म्हणजे आर्कान्सातही निवडणूक आली की भोंगे लागायचे. आपण उगीच स्वतःला वेगळं समजतो.

निषाद | १६ जून, रात्री ११:०५

पुठ्ठ्यांचा आठवडा संपला. वृत्तांत.

पहिल्या दिवशी मुलीने डाव्या खोक्याला दार आणि दोन खिडक्या काढल्या. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचा पंचा उजव्या खोक्यावर वाळत. चौथ्या दिवशी सासूबाईंनी त्यावर पेपर, चष्मा आणि भाजीचं पातेलं ठेवलं. ३८ इंच उंची म्हणजे आमच्या ओट्याच्या जवळपासच, निवडायला सोयीचं. यजमान म्हणाले, "पुठ्ठेच राहू द्यात, यांना वायर लागत नाही."

पण खरी अडचण त्याच आठवड्यात कळली, आणि ती कोणी इतके दिवस बोललंच नव्हतं. सासूबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन बाल्कनीत जातात ती वाट नेमकी उजव्या खोक्याच्या कोपऱ्यावरून. तिरप्या २९ इंचांमुळे बादली दोनदा आपटली. त्यांना वाटलं मी रागवेन म्हणून बोलल्या नाहीत. मांडव वगैरे सगळं यजमानांचं, सासूबाईंची हरकत फक्त नऊ इंचांची होती.

टीव्हीचं टेबल डावीकडे सरकवलं, उजवं खोकं नऊ इंच आत घेतलं. आता डावीकडची आणि उजवीकडची भिंत सारखी नाही. मिस्त्री, रागावू नका.

मिस्त्री | १७ जून, सकाळी ९:१०

नाही रागावत. दोन्हीकडची मापं वेगळी असली तर कधी कधी खर्ज उलट बरा पसरतो. घेताय तर एक करा: सुताराकडून उजव्याखाली ब्रेकच्या चाकांचा पाट करून घ्या. गणपतीत कामाला येईल. पाट मात्र खोक्यापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद हवा. मूल लोंबकळलं तर ४५ किलो पुढे येता कामा नये.

पोटमाळा | १७ जून, सकाळी ९:३०

आणि चाकांना रबर.

निषाद | २२ सप्टेंबर, रात्री १०:४०

धागा वर काढते आहे. जून अखेरीस घेतले. जे झालं ते सांगते, चांगलं-वाईट दोन्ही.

मोजलं. ६० च्या आसपास भला मोठा डोंगर निघाला, मिस्त्रींचा भागाकार बरोबर. डीएसपीने तो कापेपर्यंत पहिले १५ दिवस खालच्या आजींनी दोनदा निरोप पाठवला. तोपर्यंतचा देशी उपाय म्हणजे खालच्या भोकांत गुंडाळलेले मोजे. हसू नका, खरंच फरक पडतो. यजमान अजून विचारतात, तपकिरी जोड कुठाय.

गाद्या दोनच लावल्या, तिसरीला जागा मिळाली नाही. पडदा जाड केला. सोफा फूटभर पुढे ओढला तो चार दिवसांनी झाडताना मागे गेला, आता मीही सोडून दिलंय.

मृण्मयीचं वळवणं सगळ्यात उपयोगी पडलं. सासरे टोकाला बसतात आणि बातम्या आता मधून ऐकू येतात म्हणतात. टीव्हीचा आकडा पूर्वी ३०-३२ वर असायचा, तितकं आता लागत नाही. सासूबाईंना मात्र मालिका स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे त्या आता बाहेर येऊन बसत नाहीत, आतूनच पात्रांना उत्तरं देतात. हे कोणाच्याच हिशोबात नव्हतं. तंबोरा, मधल्या खुर्चीत वाद्यं थोडी एका रेषेत येतात हेही खरं.

उजव्या खोक्यावर क्रोशाचा रुमाल आला आहे. मी काही बोलले नाही.

गणपतीत पाट कामाला आला. स्पीकर पाच दिवस जेवणाच्या टेबलाशी उभा होता, त्यावर नैवेद्याची ताटं. परत जागेवर आणल्यावर एक खडखड सुरू झाली, आणि ती फक्त तानपुऱ्याच्या खर्जाला. बाकी काही लावलं की गप्प. वायरी बदलल्या, चाकं घट्ट केली, गणपतीचं उरलेलं तोरण काढलं. शेवटी नवऱ्याने (हो, त्यानेच) खोकं पाठीवर निजवलं, वूफरचे स्क्रू काढले आणि कोपरापर्यंत हात घातला. भातुकलीतली पितळी पळी, तीन खडूचे तुकडे, एक अर्धा मोदक (साच्यातला, माव्याचा) आणि तपकिरी मोजा.

काडीपेटी | २२ सप्टेंबर, रात्री १०:४९

मोदकाचा खर्जावर काय परिणाम झाला, आलेख टाका.

म्हापशेकार | २२ सप्टेंबर, रात्री ११:०२

मुंग्या बघा ताई आधी. आलेख मागाहून.

तंबोरा | २३ सप्टेंबर, सकाळी ६:४५

पुण्यात आलो की ऐकायला येईन म्हणतो. मधली खुर्ची ठेवा.

निषाद | २३ सप्टेंबर, सकाळी ८:१५

नक्की या. मुंग्या नव्हत्या. भातुकलीतलं एक झाकण अजून सापडलेलं नाही. मुलगी म्हणते ते दुसऱ्या घरात आहे, ज्याला दार काढलं होतं त्यात.